बिडाची चौकट

आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं उरकली आणि माणसं सतरंजीवर पाय पसरून बसली की कोणीतरी पियानोची गोष्ट काढतंच. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चिंचवडात स्वतःच्या हातांनी एक पियानो बांधला आणि माझ्या धाकट्या भावाने घाई करून तो एका दुपारी फोडला, अशी ती गोष्ट. सांगणारा शेवटी भावाच्या मुलांकडे बघून म्हणतो, "तुमचा बाप म्हणजे काय माणूस होता राव, बीड फोडलं त्यानं नुसत्या हातानं!" मुलं हसतात. त्यांचेही केस आता पांढरे झाले आहेत. भाऊ होता तेव्हा तोही मान हलवून म्हणायचा, "हो, मीच फोडला." सतरंजीच्या कडेला मी बसलेला असायचो. मी सुपारी कातरत राहायचो.

भाऊ गेला. अण्णा त्याच्या कितीतरी आधी गेले. ही गोष्ट खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटा उरलो आहे, आणि माझंही आता वय झालं. म्हणून जे घडलं ते लिहून ठेवतो.

आम्ही मूळचे सुतार. आजोबा खडकीच्या छावणीत साहेबांच्या बंगल्यांची दारंखिडक्या नीट करायला जायचे. तिथल्या क्लबातल्या पियानोसाठी एक म्हातारा गोरा कारागीर पुण्याहून येई. पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या फुगून अडकल्या की त्याला रंधा चालवणारा माणूस लागे, आणि तो माणूस म्हणजे आजोबा. आधी पट्ट्या तासून दिल्या, मग कसरीने खाल्लेला नमदा, म्हणजे आतल्या हातोड्यांवरचं दाबलेलं लोकरीचं कापड, बदलला, मग लाकूड चिकटवायचा सरस उकळायला घेतला, असं करत करत आजोबा अख्खा पियानो उलगडून पुन्हा जोडायला शिकले. साहेब गेले, पियानो मागे राहिले. मिशनऱ्यांच्या शाळांत, पुण्याच्या कॅम्पातल्या पारशांच्या दिवाणखान्यांत, लोणावळ्याच्या बंगल्यांत ते उभे होते, आणि आपल्याकडच्या हवेत ते कधी ना कधी बिघडायचेच. आजोबांनी ते काम अण्णांना शिकवलं, अण्णांनी आम्हा दोघा भावांना. आई आम्ही लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घर आणि घरामागची पत्र्याची शेड यांत आम्ही फारसा फरक ठेवला नव्हता. जेवणाला सरसाचा वास असायचा. गावात आम्हाला 'बाजावाले' म्हणत. भजनी मंडळातलं कोणीतरी दरवर्षी विचारायचं, "अण्णा, सप्त्याला तुमचा तो मोठा बाजा आणता का?" अण्णा म्हणायचे, "आणतो की. बैलगाडी धाडा, आन् उचलायला सा गडी."

पियानो ज्यांनी आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. बाहेरून तो लाकडाचा दिसतो, पण आत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक मोठी चौकट असते. सगळ्या तारा त्या चौकटीवर ताणलेल्या असतात. एकेक तार काही फार नसते, पण सगळ्यांची ओढ मिळून भरलेल्या मालट्रकच्या वजनाएवढी होते. लाकूड ते सोसूच शकत नाही. चौकट सोसते. म्हणून जुना पियानो दुरुस्तीला आला की आधी चौकट बाहेर काढून तिला कुठे भेग तर नाही ना हे पाहावं लागतं. बिडाला डाग देऊन सांधता येत नाही असंच आमच्याकडे मानत. भेग असली तर तो पियानो मेला.

आमच्या घरी ते पाहायची एक रीत होती. चौकट तुळईला दोराने टांगायची, जमिनीपासून वर, कशालाही न टेकता. मग एकाने लाकडी मोगरीने तिच्यावर हलकेच ठोकायचं. शाबूत बीड देवळातल्या घंटेसारखं वाजतं आणि त्याचा आवाज बराच वेळ रेंगाळतो. भेगाळलेलं बीड बसक्या आवाजात 'ठक्' म्हणतं आणि गप्प होतं. आम्ही याला 'चौकटीला विचारणं' म्हणायचो. रीत अशी होती की ठोकणाऱ्याने निकाल द्यायचा नाही, दुसऱ्याने द्यायचा. आजोबा म्हणायचे, "ठोकणाऱ्याला त्याला हवं तेच ऐकू येतंय. जबाब दुसऱ्यानं द्यायचा." अण्णा ठोकायचे आणि विचारायचे, "काय म्हंती?" आम्ही दोघांपैकी जो असेल तो सांगायचा. मी पोरवयापासून ते कधी खोटं सांगितलं नव्हतं. सांगण्याचं कारणच नव्हतं.

बासष्ट साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये लागलो. ओतकामाच्या आधी वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करतात, तिला पॅटर्न म्हणतात. ती वाळूत दाबून काढायची आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. सुताराच्या पोराला हे काम लगेच जमतं. आमच्या भागात तेव्हा एकेक करून कारखाने उभे राहत होते, ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसायच्या. अण्णांना मी नोकरी धरल्याचं वाईट वाटलं नाही. "लाकडाचंच हाय न्हवं काम? मग झालं," एवढंच म्हणाले. त्यांना वारस होता. धाकटा.

धाकट्यासारखा कान मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. सायकलवरून जाताना कोणाच्या तरी घरातल्या रेडिओची खरखर ऐकून तो सांगायचा की ह्यांच्या स्पीकरचा कागद फाटलाय. अण्णांना तेव्हा वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते. ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. पियानो सुरात लावताना अण्णा खालच्या जाड तारा घ्यायचे आणि वरच्या बारीक तारांपाशी आले की तारा पिळायची किल्ली भावाच्या हातात देऊन म्हणायचे, "तू कर रं, माझी पाठ भरली." पाठ भरलेली नसायची. भाऊही "बसा अण्णा, मी बघतो" म्हणून किल्ली घ्यायचा, जणू काही खरंच पाठच भरली आहे.

मग सरकारने चैनीचा परदेशी माल आणणं बंद केलं. नवे पियानो नाहीत, सुटे भाग नाहीत. खडकीकडच्या एका शाळेतला पियानो तपासताना अण्णांना त्याची चौकट भेगाळलेली सापडली. शाळेच्या बाईंना सांगितलं, हा आता होणार नाही. बाई रडवेल्या झाल्या. अण्णा घरी आले आणि जेवताना एकदम म्हणाले, "आपन बांधू."

"काय बांधू?" मी विचारलं.

"पियानो. चौकट तू ओतून आन. बाकीचं आमी दोघं करतो."

भाऊ माझ्याकडे बघून हसला. "दादा, झालं. आता तुझी ड्यूटी दोन ठिकाणी."

ते काम खरंच मोठं होतं आणि पहिले काही महिने आमच्या घरात फार सुखाचे गेले. मोठ्या कारखान्यांत जर्मनीहून यंत्रं यायची ती लाकडी खोक्यांतून. त्या खोक्यांचं लाकूड भंगारात विकायचे. अण्णा आणि भाऊ तिथे जाऊन एकेक फळी कानाशी धरून बोटाने ठोकायचे. भंगारवाला म्हणायचा, "अहो, कलिंगडं घेताय का?" त्या फळ्यांपैकी सरळ रेषांच्या निवडून त्यांनी पियानोच्या पाठीची फळी केली, जिच्यामुळे आवाज मोठा होतो. बाहेरचं सागवान चाकणजवळ पाडलेल्या एका जुन्या घराचं होतं. शाळेच्या बाईंनी कबूल केलं की वार्षिक गॅदरिंगच्या आधी तयार झाला तर तुमचाच पियानो शाळेत ठेवू.

चौकटीचा पॅटर्न मी घरीच शेडमध्ये केला, सुट्टीच्या दिवशी. इथे ती गोष्ट घडली जिच्यापासून पुढचं सगळं सुरू होतं.

पॅटर्नमध्ये जिथे दोन पट्ट्या एकमेकींना मिळतात, तिथे आतला कोपरा कधी धारदार ठेवायचा नसतो. तिथे चामड्याची किंवा मेणाची पट्टी बसवून गोलाई द्यायची. बीड थंड होताना आकसतं, आणि आतला कोपरा धारदार असेल तर ते तिथे फाटतं. हे मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. मी सगळे कोपरे गोल केले. अण्णा येऊन उभे राहिले. त्यांनी अंगठा त्या कोपऱ्यातून फिरवला.

"ह्यो काय कोपरा म्हनायचा का लाडू?"

"अण्णा, ओतकामात तसंच लागतं."

"आरं, सुताराचा कोपरा कसा पायजे? पटाशीनं काढल्यासारखा. हितं ही तारांच्या खुंट्यांची फळी बसनार हाय, ती चपखल बसली पायजे. ह्या गोलाईवर ती उचलून धरंल." ते हसले. "कंपनीत जाऊन हात बिघडला काय रं तुझा?"

भाऊ सरस ढवळत होता. तोही हसला. "अण्णा, दादा आता साहेब झालाय. साहेबांचे कोपरे गोलच असतात."

मी चिडलो. मला समजावून सांगता आलं असतं. फळीचा कोपरा थोडा तासला असता तरी ती गोलाईवर नीट बसली असती, एवढंच सांगायचं होतं. पण आमच्या घरात धारदार कोपरा ही अब्रू होती, आणि मी त्या घरातला सुतार उरलो नाही असं माझ्या तोंडावर म्हटलं गेलं होतं. मी त्या जागची मेणपट्टी खरवडून काढली आणि पटाशीने कोपरा असा काढला की त्यात नख अडकावं. अण्णांनी पुन्हा अंगठा फिरवला. "आत्ता कसं," म्हणाले.

ओतायला मी चौकट आमच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका लहानशा फाउंड्रीत दिली. ती फाउंड्री आता नाही. तिच्या मालकाचे पॅटर्न तपासायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे तो मला नाही म्हणणार नाही हे मला माहीत होतं. पहिलं ओतकाम वाया गेलं, बीड टोकापर्यंत पोचलंच नाही. दुसरं निघालं. मालक म्हणाला, "राव, एवढ्या मोठ्या पातळ कामाला माझी निम्मी माणसं अडकून पडतात. आता हे शेवटचं. आणि हे बघा, तुमच्या साहेबांच्या कानावर गेलं तर तुम्हीही गोत्यात, मीही." मी म्हणालो, शेवटचंच.

चौकट वाळू झाडून भिंतीला उभी होती. मी तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकलं. ती वाजली नाही. भिंतीला टेकली आहे म्हणून असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग एका माणसाला हाताशी घेऊन ती साखळीने उचलली आणि पुन्हा ठोकलं. आवाज बसका होता. वरून काही दिसत नव्हतं. त्या कोपऱ्याशी मी बोट नेलं तेव्हाही काही लागलं नाही. पण आवाज बसका होता, आणि तो बसका असतो म्हणजे काय असतं हे मी लहानपणापासून जाणत होतो.

घरी न्यायची नाही असं ठरवता आलं असतं. मग पुन्हा पॅटर्न, पुन्हा मालकाच्या विनवण्या, पुन्हा साहेबांच्या कानावर जाण्याची भीती. शिवाय अण्णांना सांगावं लागलं असतं की कोपरा धारदार होता म्हणून झालं, आणि ते म्हणाले असते, तू ओतकामवाला, तुला कळायला पाहिजे होतं. ते बरोबरच म्हणाले असते. मी पुढचे काही दिवस चौकट तिथेच ठेवली. भाऊ लोणावळ्याला एका बंगल्यातला पियानो लावायला दोन दिवसांसाठी गेला, त्याच दिवशी मी टेम्पो ठरवला. तो दिवस मी मुद्दाम निवडला. अण्णांना फसवता येईल, भावाला येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

टेम्पो शेडसमोर लागला तेव्हा अण्णा धोतराचा सोगा खोचून पुढे आले. चौकटीवरून त्यांनी हात फिरवला तो एखाद्या गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. "धाकटा आल्यावर इचारू हिला," ते म्हणाले.

"अण्णा, चेनपुली मागून आणलीय. संध्याकाळी परत द्यायचीय. आत्ताच बघून बसवून टाकू."

त्यांनी मान हलवली. चौकट तुळईला टांगली. अण्णांनी मोगरी घेतली, डोळे मिटले आणि ठोकलं. मग डावा हात चौकटीवर ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. हाताला काही लागतंय का ते बघत होते. त्यांना काय ऐकू आलं आणि काय नाही हे मला कधीच कळणार नाही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हंती?"

"वाजते, अण्णा."

"चांगली वाजती?"

"घंटेसारखी."

त्यांनी मोगरी खाली ठेवली आणि चौकटीला हात जोडले. दुपारपर्यंत आम्ही ती लाकडात बसवून बोल्ट आवळले. एकदा बसवल्यावर तिला विचारण्याची सोय उरत नाही. भाऊ परत आला तेव्हा त्याने विचारलं, "दादा, कशी वाजली रे?" मी म्हणालो, "अण्णांना विचार." अण्णा म्हणाले, "घंटेसारखी!"

तारा ताणण्याचीही एक शिस्त असते. सगळ्या एकदम सुरापर्यंत न्यायच्या नाहीत. मधून सुरू करून दोन्ही बाजूंना थोडं थोडं ताणत जायचं, ही एक फेरी. मग लाकडाला विश्रांती, दुसऱ्या दिवशी पुढची फेरी. अण्णांचा नियम दिवसाला एकच फेरी असा होता. पण गॅदरिंग जवळ आलं होतं, आणि भावाने बाईंना शब्द दिला होता. त्या दिवशी सकाळची फेरी झाली, अण्णा जेवून आडवे झाले, आणि भावाने दुसरी फेरी सुरू केली. तेवढं खरं आहे. त्याने नियम मोडला. पण चांगल्या चौकटीला त्याने काहीही होत नाही. फार तर सूर घसरतात, पुन्हा लावावे लागतात.

मी पहिल्या पाळीहून सायकलवर येत होतो. गल्लीत माणसं शेडकडे बघत उभी होती. शेजारची बाई म्हणाली, "केवढ्यांदा वाजलं, आमची भांडी पडली फळीवरची." आत भाऊ जमिनीवर बसला होता, हातात किल्ली तशीच. त्याला काही लागलं नव्हतं. तारा सगळ्या सैल पडून लोंबत होत्या. अण्णा पियानोसमोर उभे होते, उघड्या अंगाने, झोपेतून उठून आलेले.

मी जवळ जाऊन पाहिलं. चौकट त्या कोपऱ्यातच तुटली होती. नुकतं तुटलेलं बीड आतून राखाडी, चकचकीत दिसतं. ह्या तुटलेल्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग काळा होता. काळा म्हणजे जुना. ती जागा ओतली गेली त्या दिवशीच, लालभडक असताना फाटली होती, आणि उरलेल्या थोड्याशा बिडावर चौकट इतके दिवस उभी होती. हे फाउंड्रीत काम करणाऱ्या कोणालाही एका नजरेत कळलं असतं. अण्णांना आणि भावाला कळण्याचं कारण नव्हतं. मी त्या कोपऱ्यासमोर उभा राहिलो आणि तिथून हललो नाही.

"कितवी फेरी?" अण्णांनी भावाला विचारलं.

"दुसरी."

"दुसरी."

भाऊ म्हणाला, "अण्णा, ओढ जास्त नव्हती हो. शप्पथ. मी अजून सुराच्या खालीच होतो."

अण्णांनी वाकून त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. ती किल्ली आजोबांची होती. "तुझ्या हातात घाई हाय," ते म्हणाले. "ह्या हातानं मेलं त्ये. ह्यापुढं कुठल्या पियानोला हात लावायचा न्हाई."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी बिडाचा जाणकार होतो. मी काहीतरी बोलेन, निदान एवढं तरी म्हणेन की ओढीने असं व्हायला नको होतं, अशी त्याची अपेक्षा होती. मी म्हणालो, "जाऊ द्या अण्णा, आता बोलून काय उपयोग." दुसऱ्या दिवशी मी चौकट सोडवून फाउंड्रीत पाठवली, वितळवायला. अण्णांना म्हटलं, डोळ्यांसमोर नको. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तूच रं समजूतदार," म्हणाले.

भाऊ वेगळा निघाला. आकुर्डीला खोली घेतली. अण्णांशी त्याचं बोलणं बंद झालं, किंवा अण्णांचं त्याच्याशी. कोणी आधी बंद केलं ते सांगता येणार नाही. त्याला काम मीच मिळवून दिलं, भोसरीकडच्या एका लहान कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेसवर. ओळखीतून तीच एक जागा मिळत होती. तो कारखानाही आता उरलेला नाही. दिवसभर कानाशी लोखंडावर लोखंड आपटायचं. कानात कापसाचा बोळा घालायचे, तोही ज्याला सुचेल तो. काही वर्षांत माझी भावजय सांगू लागली की हाक मारली तर मागे वळत नाहीत. मग मलाच त्याच्याशी ओरडून बोलावं लागायला लागलं. रेडिओच्या कागदाची फाट ज्याला रस्त्यावरून कळायची तो माणूस वयाच्या पंचेचाळिशीत दाराची कडी वाजलेली ऐकू शकत नव्हता. मी तोवर फोरमन झालो होतो.

ऐंशीच्या पुढचं ते साल असेल. पिंपरी कॅम्पात एका डॉक्टरला त्याचे कान दाखवून आम्ही दोघं हॉटेलात चहा घेत होतो. डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. भाऊ बशीत चहा ओतत म्हणाला, "बरं झालं दादा, त्या कामात नाही राहिलो. नाहीतर आता काय केलं असतं?"

तो थट्टेने म्हणाला, मला वाटतं. पण मला ते सहन झालं नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. कोपरा, बसका आवाज, लोणावळ्याचा दिवस, काळा भाग. तो ऐकत राहिला. चहा बशीतच राहिला.

"काळा होता?" त्याने विचारलं.

"हो."

"किती?"

मी बोटांनी दाखवलं. तो त्या बोटांकडे बघत होता. मला वाटलं शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

"अण्णांना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? मी काय करू याचं?" बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. "त्यांना सांग. त्यांनी बोलावलं तर मी येईन. तुझ्या माफीचं मला काही नकोय दादा. त्यांनी मला बोलवायला पाहिजे."

अण्णा माझ्याकडेच राहत होते. त्यांना तर जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. घरी आलो तेव्हा ते ओसरीवर खाटेवर बसून नमद्याचा एक तुकडा कात्रीने कापत होते. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं, हाताला सवय होती. मी समोर बसलो. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागणार होतं. आत माझी बायको होती, मुलं होती, समोरच्या ओसरीवर शेजारी. ही सबब आहे हे मला तेव्हाही कळत होतं. हाताला धरून आत नेता आलं असतं.

अण्णाच बोलले. "धाकट्याला भेटलास व्हय?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. मी मान हलवली.

"बरा हाय?"

मी पुन्हा मान हलवली.

"हात चांगला हुता त्याचा," अण्णा म्हणाले. "लई चांगला. घाई नडली."

कात्री थांबली होती. माझ्या तोंडाकडे ते पाहत होते, ओठ वाचता यावेत म्हणून. याहून मोकळी वाट कोणाला मिळत नाही. मी त्यांचा हात धरला, उठलो आणि आत जाऊन पाणी प्यायलो. त्या घरात मी समजूतदार मुलगा होतो. वीस वर्षं मी त्या एका शब्दावर जेवत होतो.

थोड्या दिवसांनी भाऊ पाळी सुटायच्या वेळी आमच्या गेटवर सायकल धरून उभा होता. पाळीची गर्दी बाहेर पडत होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. उद्या सांगूच, मग हे खरं होईल, असं काहीतरी डोक्यात असावं.

"मग?"

"ऐकून घेतलं त्यांनी."

भावाने मान हलवली, सायकलवर बसला आणि गेला. पुढे भावजय एकदा म्हणाली, "भाऊजी, हल्ली हे रविवारी कुठेच हलत नाहीत. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसतात. कोणी यायचंय का, विचारलं तर सांगत नाहीत." मी म्हणालो, मला काही कल्पना नाही.

अण्णा त्या हिवाळ्यात गेले, झोपेत. मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. भावाच्या मुलांनी हे नीट वाचावं. तुमच्या वडिलांनी चौकट फोडली नाही. आणि तुमच्या आजोबांनी सगळं कळूनही त्यांना दूर ठेवलं, हेही खरं नाही. अण्णांना कळलंच नव्हतं. कळलं असतं तर ते चालत आकुर्डीला आले असते.

पवनेच्या घाटावर चिता पेटल्यावर लोक मागे सरकले. भाऊ तिथेच थांबला. मी त्याच्या शेजारी गेलो. तो ज्वाळेकडे बघत मोठ्याने बोलला, एवढ्या मोठ्याने की सगळ्यांनी माना वर केल्या.

"कळल्यावरसुद्धा बोलावलं नाही रे दादा त्यांनी."

लोकांना वाटलं, दुःखाने काहीतरी बोलतोय. कोणीतरी येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. त्याने डोळे मिटले, नीट ऐकू यावं म्हणून.

"चल," मी म्हणालो, "लोक थांबलेत."